प्लॅजिओक्लेज : काळ्या पाषाणापासून मातीपर्यंत

प्लॅजिओक्लेज हा फेल्स्पार खनिजांमधील एक प्रमुख गट आहे. पृथ्वीच्या कवचात फेल्स्पारांइतकी विपुल खनिजे दुसरी नाहीत. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, मुख्यतः प्लॅजिओक्लेज व पायरोक्सीन या खनिजांचा बनलेला असतो. ‘तिरकस फुटणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. कारण स्फटिक ज्या दोन दिशांनी सहज फुटतो, त्यांतील कोन काटकोन नसून सुमारे ८६ अंशांचा असतो.

ही खनिजे ॲल्युमिनियमची सिलिकेटे होत. गटाच्या एका टोकाला सोडियमयुक्त अल्बाइट, तर दुसऱ्या टोकाला कॅल्शियमयुक्त ॲनॉर्थाइट असते. कॅल्शियमच्या वाढत्या प्रमाणानुसार मधल्या प्रकारांना ऑलिगोक्लेज, अँडेसीन, लॅब्रॅडोराइट व बायटाउनाइट अशी नावे आहेत. या क्रमाने विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६२ वरून २.७६ पर्यंत आणि वितळबिंदू सुमारे १,११८ वरून १,५५३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढतो. कठिनता मात्र सर्वांचीच ६ ते ६.५ असते. चमक काचेसारखी, रंग बहुधा पांढरा किंवा करडा असतो. जुळ्या स्फटिकांमुळे फुटलेल्या पृष्ठावर दिसणाऱ्या बारीक समांतर रेषा ही ओळखण्याची महत्त्वाची खूण होय.

कॅल्शियमयुक्त प्रकार तप्त शिलारसातून आधी स्फटिकरूप होतात आणि भूपृष्ठावर आल्यावर झिजतातही लवकर. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी त्यांतील कॅल्शियम व सोडियम सोडवून घेते आणि मागे चिकणमाती उरते. पुढे काय होते, हे पावसावर ठरते. घाटमाथ्याच्या पूर्वेस, कमी पावसाच्या प्रदेशात, बरेचसे कॅल्शियम जमिनीतच राहते. काळ्या मातीत सापडणारे चुनखडे ही त्याची साक्ष. कोकण-गोव्याच्या मुसळधार पावसात ते वाहून जाते, दीर्घकाळात सिलिकाही निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी समृद्ध असा जांभा उरतो. जांभा इतर खडकांपासूनही तयार होतो. प्रक्रिया मात्र हीच.

शेतीच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. जांभ्याची जमीन आम्लधर्मी असते व तिच्यात कॅल्शियमची उणीव असते. अशा जमिनीत मातीपरीक्षणानुसार चुना मिसळणे म्हणजे पावसाने खडकातून नेलेल्या कॅल्शियमची अंशतः भरपाई करणेच होय.