भाड्याची खोली आणि शाळेचा पट

मुंबईचा इतिहास म्हटला की कोणाला किल्ला आठवतो, कोणाला गोदी. मला आठवते ते शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात शाळा सोडल्याचे कारण लिहायचा एक रकाना असतो आणि आमच्या उपनगरातल्या शाळेत तो बहुधा एकाच शब्दाने भरतो : स्थलांतर.

१८९६ साली प्लेग आला, तेव्हा सरकारला कळून चुकले की गरिबाची अंधारी खोली साहेबाच्या बंगल्यालाही महागात पडते. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रस्ते आखले गेले. गव्हर्नर लॉइडसाहेबांच्या कारकिर्दीत १९२० साली विकास खाते उघडले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून त्याने २०७ चाळी उठविल्या. खोली अवघी १६० चौरस फूट! परंतु त्या खोलीला पत्ता होता, आणि पत्ता असला म्हणजे पोराचे नाव शाळेत टिकते. पार्ल्यास १९२१ साली लोकमान्यांच्या नावाची शाळा निघाली, तीही घर करून राहणारी माणसे तेथे होती म्हणूनच.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने राहत्या भाडेकरूला अभय दिले, हे खरेच. पण भाडे गोठले, तसा मालकाचा हातही आखडला. भाड्याच्या नव्या चाळी दिसेनाशा झाल्या, पागडी मात्र वाढली. थोरल्याला खोली मिळाली, धाकट्याने लग्नानंतर डोंबिवली गाठली. १९८२ च्या संपानंतर तर गिरणगावच हलले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्यांतली मुले मराठी शाळेची पायरी कशाला चढतील?

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा पहिल्या तासाला रोज पेंगायचा. मी रागावलो. मग समजले, घरमालकाने भाडे वाढवले म्हणून बिऱ्हाड बदलापूरला गेले आहे आणि हा पहाटेची गाडी पकडून येतो. त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, "गुरुजी, वर्ष संपेपर्यंत तरी राहू द्या त्याला इथंच."

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या जुन्या चाळकऱ्यांपैकी ५५६ कुटुंबांना त्याच आवारात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वर्तमानपत्र वाचताना मनात पहिला विचार आला तो असा की, त्या घरांतल्या मुलांना दाखला काढावा लागणार नाही.

आमच्या त्या मुलाने सहामाहीपर्यंत कळ काढली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. रकान्यात तोच शब्द मी माझ्या हाताने लिहिला.