मांजराचं डिपॉझिट कुठे शोधायचं?

भाडेकरूकडे कुत्रं-मांजर असेल तर घरमालक नुकसानीपोटी जास्तीचं डिपॉझिट मागतो. या प्रथेचा इतिहास धर्माबादसारख्या गावात शोधायचा असेल, तर 'पाळीव प्राणी' हा शब्द घेऊन कागद चाळत बसू नका. आधी जमीन बघा. जमीन म्हणजे पायाखालची.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात जनावर हा पाहुणा नव्हता. गोठा घराला लागूनच असायचा, आणि मातीची जमीन सारवायला शेण त्याच जनावराचं. खड्डा पडला, लिंपला, संपलं. मग शहाबादी फरशी आली, पुढे गुळगुळीत टाइल्स, पॉलिश केलेली दारं. ओरखडा हे 'नुकसान' ठरलं, कारण तो घरच्या घरी बुजवता येईना. माझं म्हणणं असं, की इथे बदललं ते मांजर नाही, घर बदललं. (हे अनुमान आहे. तपासायला कुणाला तरी प्रबंधाचा विषय मिळेल!)

आता कायदा. इथे बरेच जण घसरतात. मुंबईचा 1947चा भाडे नियंत्रण कायदा उचलतात आणि थेट नांदेड जिल्ह्याला लावतात. त्या कायद्यात भाड्याशिवाय पागडी किंवा डिपॉझिट घेण्यावर बंदी होती, हे खरं. पण धर्माबाद हैदराबाद संस्थानातलं. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याचा कायदा हैदराबादचा, 1954चाच राहिला. तो गेला 31 मार्च 2000 रोजी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 लागू झाला तेव्हा. या नव्या कायद्याच्या कलम 56ने डिपॉझिट घेणं उघडपणे कायदेशीर केलं. अर्थात, तुमचं गाव अनुसूचीत आहे का ते पाहिल्याशिवाय पुढे लिहू नका.

नुकसान कशाला म्हणायचं, याचं उत्तर मात्र त्याहून जुनं आहे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं, की घर घेतलं तसं परत करायचं, वाजवी झीज वगळून. सगळं भांडण या 'वाजवी'वर. दारावरचे नखांचे ओरे झीज की नुकसान? घर ताब्यात घेताना दाराची स्थिती कुणी लिहूनच ठेवली नसेल, तर शेवटी ज्याच्या हातात पैसे त्याचंच खरं होतं. पैसे असतात घरमालकाकडे. इंग्लंडमध्ये 2019 साली कायद्याने डिपॉझिटला साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, तेव्हा प्राण्यांसाठी वरून घ्यायला जागा उरली नाही. मग काही घरमालकांनी भाडंच वाढवलं. आपल्याकडे केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे; राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

कागद कुठले बघायचे? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, म्हणून रक्कम करारात लिहावी लागते. पण मांजरापोटी वेगळे, हातोहात दिलेले पैसे त्या आकड्यात सापडणार नाहीत. त्यासाठी भाडेकरूंच्या घरी जाऊन बसावं लागेल, आणि घरमालकांच्याही.