हरितगृहातील ऊर्जावापर व हवामान-नियंत्रण : वऱ्हाड

पारदर्शक आच्छादनाखाली सूर्याची उष्णता कोंडून पिकाभोवतीचे हवामान ताब्यात ठेवणाऱ्या रचनेला हरितगृह म्हणतात. काच किंवा प्लॅस्टिकमधून आत आलेल्या उन्हाने जमीन व पाने तापतात आणि त्यांच्या लगतची गरम हवा वर निघून जाऊ न शकल्याने आतच साठते. आच्छादन अवरक्त किरणे अडवते म्हणूनच ऊब टिकते हा रूढ समज अपुरा असल्याचे अमेरिकी भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 मध्ये एका साध्या प्रयोगाने दाखवले. नेदरलँड्ससारख्या थंड देशात हरितगृहाचा मोठा ऊर्जाखर्च ते उबदार ठेवण्यावर होतो. वऱ्हाडात प्रश्न नेमका उलटा आहे.

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या परिसरात मे महिन्यात दुपारचे तापमान 44 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि बंद पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकचे आच्छादन असलेल्या हरितगृहात, ते त्याहूनही चढते. यावरचा यांत्रिक उपाय म्हणजे फॅन-पॅड पद्धत : एका भिंतीतील ओल्या, सच्छिद्र पॅडमधून समोरच्या भिंतीतील पंखे बाहेरची हवा ओढून घेतात आणि पाण्याचे बाष्पीभवन होताना ती हवा थंड होते. हवा 44 अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर पॅडमधून आत येणारी हवा सुमारे 27 अंशांपर्यंत उतरू शकते. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्याने हाच खटाटोप जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

या पद्धतीत विजेइतकाच, किंबहुना अधिक, विचार पाण्याचा करावा लागतो. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे 0.67 युनिट उष्णता शोषली जाते, म्हणजे 100 किलोवॉट उष्णता हटवायची तर तासाला 150 लिटर पाणी लागते. पंखे जास्तीत जास्त चालतात ते भर उन्हातच, त्यामुळे विजेची गरज सौर पॅनेलच्या उत्पादनाशी वेळेच्या दृष्टीने चांगली जुळते. पाण्याची टंचाईही त्याच महिन्यांत येते, ही खरी अडचण. काटेपूर्णा धरण बार्शीटाकळी तालुक्यातच महान येथे असले, तरी त्यावर अकोला शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही भार आहे. उत्तरेकडील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलातील क्षार पॅडवर व फॉगरच्या, म्हणजे धुके फवारणाऱ्या यंत्राच्या, तोंडांत साचून ती बुजवतात.

म्हणून छताला व बाजूंना उघडझाप होणारी, केवळ वाऱ्यावर चालणारी पॉलिहाऊस आणि त्याहून स्वस्त शेडनेट ही या प्रदेशाला अधिक मानवणारी साधने होत. 50 टक्के सावलीची जाळी ऊन आत येण्याआधीच निम्म्यावर आणते आणि हवा खेळती ठेवते, त्यासाठी एक युनिटही वीज लागत नाही. हिवाळ्यात पॉलिहाऊसचे बाजूचे पडदे संध्याकाळी खाली सोडले की बहुधा काम भागते. वेगळी उष्णता द्यावी लागत नाही. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून, ज्याला शेतकरी ‘पोकरा’ म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यातील निवडक गावांना शेडनेट व पॉलिहाऊससाठी अनुदान मिळाले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन चांगलेच रुजले आहे.