पर्यावरणीय आघात मूल्यांकन

प्रस्तावित धरण, खाण, बंदर वा कारखान्याचे हवा, पाणी, जमीन आणि लोकजीवन यांवर होणारे परिणाम बांधकामापूर्वी तपासण्याची कायदेशीर प्रक्रिया. नुकसानीची भरपाई नंतर देता येते, पण बुजलेला झरा परत आणता येत नाही. म्हणून ही तपासणी आधीच व्हावी लागते. अमेरिकेच्या १९६९ च्या कायद्याने तिची सुरुवात झाली. भारतात १९९४ मध्ये पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा २००६ च्या अधिसूचनेने घेतली. जनसुनावणी हा तिचा गाभा : किमान ३० दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी वा त्यांचा प्रतिनिधी, कामकाजाचे चित्रीकरण. मात्र अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला पैसे प्रकल्पाचा प्रवर्तकच देतो, ही या व्यवस्थेतील गंभीर उणीव होय.