फोर्कची पोरं

युनिक्स हे मोठं कुटुंबवत्सल घराणं आहे. तिथे प्रत्येक प्रोसेसला बाप असतो. बापाने पोर जन्माला घालण्याला 'फोर्क' म्हणतात. पोर म्हणजे बापाची हुबेहूब नक्कल, फक्त नंबर निराळा! मग पोर 'एक्झेक' करून स्वतःच्या धंद्याला लागतं आणि बाप 'वेट' करीत ओट्यावर बसतो. पोर गेलं आणि बापाने दखलच घेतली नाही, तर ते 'झॉम्बी' होऊन यादीत लोंबकळतं. बापच आधी गेला, तर परंपरेने एक नंबरची प्रोसेस पोराला दत्तक घेते. आमच्या चाळीत एवढी चोख व्यवस्था नव्हती.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ च्या सुमारास हा संसार मांडला. पीडीपी-७ यंत्रावर फोर्क अवघ्या २७ ओळींत बसला, असं रिचींनीच लिहून ठेवलंय. पण फोर्क आला आणि डिरेक्टरी बदलण्याचा हुकूम चालेना! शेल, म्हणजे आपले हुकूम ऐकणारा कारभारी, हे काम नव्या पोराला सांगे. पोर इमानाने दुसऱ्या खोलीत जाई आणि तिथेच प्राण सोडी. बाप होता तिथेच. शेवटी हे काम शेलने स्वतःच करायचं ठरलं. आजही तोच करतो.

विंडोजच्या घरी रीत वेगळी. तिथे पोर कोऱ्या पाटीनिशी येतं. मग युनिक्सचा शेल तिथे नांदायचा कसा? सिग्नस कंपनीत १९९५ साली सुरू झालेल्या सिग्विनने फोर्कचं सोंग वठवलं. कोरं पोर आणायचं, निजवून ठेवायचं, बापाची स्मृती त्याच्या डोक्यात ओतायची आणि उठवायचं. अट एकच: डीएलएल नावाचं सामान बापाकडे ज्या कोनाड्यात, पोराकडेही त्याच कोनाड्यात हवं.

२००९ साली आमच्या ऑफिसातलं पगाराचं बॅश स्क्रिप्ट असंच विंडोजच्या घरी गेलं. महिनाअखेरीस पडद्यावर उमटलं, 'फोर्क: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'.

"टेम्पररिली म्हणजे किती हो?" साहेबांनी विचारलं. "एक तारखेपर्यंत?"

मेमरी भरपूर मोकळी होती, प्रोसेस मोजक्या. तेच स्क्रिप्ट पाच वेळा चालवलं. कधी बाविसाव्या माणसाच्या पगारावर अडे, कधी सत्तराव्या. स्क्रिप्टचा दोष असता तर रोज एकाच जागी ठेचकाळलं असतं! दरम्यान जिन्यात भेटेल तो विचारी, "झाला का हो पगार?" एकाच्या मुलीची फी भरायची होती. तो विचारत नसे, नुसता बघे. ते जास्त लागे.

शेवटी विषाणूविरोधी प्रोग्रॅम परवानगीने घटकाभर बंद केला आणि स्क्रिप्ट सुरळीत धावलं. हा पाहुणा प्रत्येक प्रोसेसमध्ये आपली वळकटी ठेवी, नेमकी सिग्विनच्या कोनाड्यात! मग बॅश बंद करून धाकट्या शेलमधून 'रीबेसऑल' चालवलं, म्हणजे प्रत्येक डीएलएलला स्वतंत्र जागा नेमून दिली. पाहुण्यालाही पुन्हा आत घेतलं.

संध्याकाळी सात वाजता यादी बँकेत गेली. साहेब म्हणाले, "आता ते बोनसचं स्क्रिप्टही हलवू या."