सरकारची गंगाजळी

अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला इंग्रज ‘पावसाळी दिवसाची पुंजी’ म्हणतात. त्यांच्याकडे पाऊस म्हणजे अडचण! आपल्याकडे मात्र अडचण येते ती पाऊस न आल्यावर. आपल्या जुन्या लोकांनी अशा पुंजीला ‘गंगाजळी’ हा फार सुंदर शब्द दिला. देव्हाऱ्यातली गंगा कोणी तहान लागली म्हणून पीत नाही, ती शेवटच्या वेळेसाठी असते. शेतकऱ्याचे धान्याचे पेव काय किंवा माजघरातला बायकांचा चोरकप्पा काय, तत्त्व एकच.

घराचे ठीक आहे हो, पण सरकारने अशी गंगाजळी ठेवायची ठरवली तर? सरकारच्या देव्हाऱ्याला कडी कोण घालणार? आपल्या इतिहासात हा प्रयोग दोनदा झाला आहे, आणि दोन्हींची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पहिला प्रयोग इंग्रजांचा. 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ दख्खन आणि मद्रास इलाख्यात पडला. सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवले. त्यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी एक आणा आणि एक पौंड धान्याच्या किमतीवर आणून ठेवली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामेच सोडून दिली. पुण्याची सार्वजनिक सभा आणि सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी या लोकांची बाजू सरकारपुढे हिरिरीने मांडली.

या अनुभवानंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत अर्थखाते सांभाळणाऱ्या सर जॉन स्ट्रॅची यांनी ‘दुष्काळ विमा’ योजना आणली. दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी राखायचे. त्यासाठी जमिनीवर उपकर आणि व्यापाऱ्यांवर परवाना कर बसला. 1878 साली सुरतेत या परवाना कराविरुद्ध हरताळ झाला, दंगल झाली. तरी कर आला आणि वसूलही झाला. हा पैसा दुष्काळाचाच, असे आश्वासन सरकारने वारंवार दिले होते. आणि त्याच वर्षी अफगाण युद्ध सुरू झाले... पुढचे ओळखलेच असेल तुम्ही. 1879 च्या अंदाजपत्रकात विम्याची तरतूद बाजूला पडली आणि कर मात्र राहिला!

मुळात वेगळी पेटी कधी नव्हतीच. अंदाजपत्रकात दीड कोटी शिल्लक दाखवायची, एवढाच तो विमा. पुढे ही तरतूद पुन्हा होऊ लागली, तेव्हा त्यातला काही पैसा रेल्वे आणि कालव्यांकडे वळला, काही कर्ज कमी करण्याकडे. ज्याच्या नावाने पैसा गोळा झाला त्या दुष्काळग्रस्ताला ‘माझा पैसा कुठे आहे?’ असे विचारण्याचा अधिकारच नव्हता. पुढे दुष्काळ संहिता आल्या, आणि 1896 च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सांगितले की संहितेत तुमचे हक्क लिहिले आहेत, ते मागा. हे ‘मागा’ फार महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रयोग आपल्या महाराष्ट्राचा. 1972 चा दुष्काळ आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. मी तेव्हा माण तालुक्यात नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. वर्गातली निम्मी मुले आईबापांबरोबर खडी फोडायला जात. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी यांची चव माझ्या वयाच्या कोणालाही विचारा! मे 1973 मध्ये राज्यभरात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती.

त्याआधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना करून पाहिली होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना तिची रोजगार हमी योजना झाली. खरी हुशारी पैशाच्या सोयीत होती. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. तो कर, शिवाय मोटारी, बागायती जमीन, ऊस खरेदी वगैरेंवरचे काही कर रोजगार हमी निधीत जायचे, आणि तितकीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यायचा, असेही त्यात लिहिले.

आमच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात दिसू लागली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली. घटनेने या कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती, 1988 च्या 60व्या घटनादुरुस्तीने ती 2500 झाली. मी सहकाऱ्यांना म्हणत असे, “अहो गुरुजी, ज्या पोराला तुम्ही अ आ इ शिकवता, त्याच्या आईची मजुरी आहे ही!” मुंबईच्या कारकुनाचा पैसा माणच्या बंधाऱ्यावर पोचतो, ही कल्पनाच मला मोठी वाटे.

मात्र नव्वदीच्या दशकात चित्र बदलले. कर भरपूर जमत होता, आणि कामांवरचा खर्च त्याहून कमी होऊ लागला. शिल्लक वाढली ही आनंदाची बाब नव्हे. पेव भरलेले आणि दारात उपाशी माणूस, असेही होऊ शकते. शिवाय सरकारी निधी म्हणजे नोटांची पेटी नसते, ती हिशेबाच्या वहीतली एक ओळ असते. ओळ खोडायला अफगाण युद्धच लागते असे नाही.

तरीही दोन्ही प्रयोगांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. 1878 चा निधी दात्याच्या शब्दावर उभा होता, तर 1977 चा मागणाऱ्याच्या हक्कावर. पहिला एका लढाईत बुडाला. दुसरा रखडला, कुरतडला गेला, पण 2005 साली देशभर रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचे उदाहरण समोर होते. गंगाजळीला कुलूप लागतेच, पण कुलपापेक्षा राखणदार मोठा. आणि उद्या ज्याला ते पाणी लागणार आहे, त्याच्याएवढा जागा राखणदार दुसरा कोण?

आमच्या नातवंडांना पगारपत्रकावर दरमहा 200 रुपयांची ती कपात दिसत असेल. बाळांनो, ती ओळ एकदा नीट वाचा, आणि पैसा कुठे जातो ते विचारत राहा. विचारणे हासुद्धा एक करच आहे, नागरिकाने भरायचा.

असो. बहात्तरच्या आठवणी तुमच्याही घरात असतील. वडीलधारी मंडळी आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. ती गंगाजळीही आटत चालली आहे.