पाय न कापता पायाचं वजन

आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या उजव्या पायाचं वजन किती?

वजनकाट्यावर एक पाय टेकवून आकडा वाचलात, तर तो पायाचा नसतो. तुम्ही त्या पायावर किती भार टाकलात, त्याचा असतो. अख्ख्या अंगाचं वजन प्रत्येकाला ठाऊक असतं, पण अंगाच्या एका भागाचं कुणालाच नसतं, कारण तो भाग सुटा करून पारड्यात ठेवता येत नाही. ही अडचण माणसाने कशी सोडवत आणली, तो आजचा विषय. आणि या इतिहासात सैनिक वारंवार भेटतो, म्हणून मला तो जवळचा.

सुरुवात करू इटलीच्या जोवान्नी बोरेल्लीपासून. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये छापला गेला. त्याने माणसाला फळीवर आडवं झोपवलं आणि ती फळी एका धारेवर तोलली. फळी जिथे समतोल राहिली, तिथे शरीराचा गुरुत्वमध्य. लहान मुलांच्या सी-सॉचंच हे तत्त्व.

याच फळीवर पायाचंही वजन काढता येतं. दोन मीटरची फळी घ्या. पायाकडचं टोक धारेवर आणि डोक्याकडचं टोक वजनकाट्यावर ठेवा. माणूस झोपला की काट्याचा आकडा लिहून घ्या. मग त्याला एक पाय सरळ वर, काटकोनात उचलायला सांगा. पायाचा भार डोक्याकडे सरकतो आणि काटा, समजा, २.१ किलोने वाढतो. २.१ गुणिले दोन मीटर म्हणजे ४.२. आता पायाचा गुरुत्वमध्य किती सरकला, त्याने या ४.२ला भागायचं. तो ३८ सेंटिमीटर सरकला असेल, तर पाय ११ किलोचा. ४२ सेंटिमीटर सरकला असेल, तर १० किलोचा. चार सेंटिमीटरच्या फरकाने एक किलो गेला! काटा खोटं बोलत नाही, पण तो वजन आणि अंतर यांचा गुणाकार सांगतो. पायाचा मध्य नेमका कुठे, हे आधी माहीत असावं लागतं.

दुसरा मार्ग पाण्याचा, आर्किमिडीजचा. काठोकाठ भरलेल्या भांड्यात मनगटापर्यंत हात बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. ३६० मिलिलिटर सांडलं, म्हणजे तेवढं हाताचं आकारमान. पण हात म्हणजे पाणी नव्हे. त्यात हाडांचं प्रमाण जास्त, त्यामुळे त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.१६ पट. म्हणजे वजन जवळपास ४१८ ग्रॅम. मांडीची घनता १.०५च्या आसपास. मग ही घनता कुठून आणायची? इथेही आधी कुणीतरी अवयव सुटा करून तोललेला असावा लागतो.

तो तोलला मृतदेहांवर. लाइपझिगचे शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी १८८९ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी शवं घट्ट गोठवली, सांध्यांपाशी करवतीने कापली, प्रत्येक तुकडा तोलला आणि त्याचा गुरुत्वमध्य शोधला. हे सगळं कशासाठी? अभ्यासाच्या शीर्षकातच उत्तर आहे: जर्मन पायदळ सैनिकाच्या साहित्याच्या संदर्भात. पाठीवर पिट्ठू आणि हातात रायफल आली की जवानाचा तोल कुठे जातो, हे त्यांना हवं होतं. ज्याने पिट्ठू घेऊन चढ चढला आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

पुढचं मोठं काम अमेरिकी हवाई दलासाठी झालं. बसून काम करणाऱ्या माणसाला किती जागा लागते, हा विषय. विल्फ्रिड डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये आठ शवांवरून तक्ते दिले: मांडी शरीराच्या १० टक्के, गुडघ्याखालचा पाय ४.६५, पाऊल १.४५, संपूर्ण हात ५ टक्के. हे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. पण ती आठ माणसं कोण? ५२ ते ८३ वर्षांचे गोरे पुरुष. तरण्या वैमानिकाचं गणित म्हाताऱ्या देहांवर उभं राहिलं. १९६९ मध्ये क्लाउसर आणि सहकाऱ्यांनी आणखी तेरा शवं तपासली. एवढ्या मूठभर देहांवर हे शास्त्र उभं होतं.

जिवंत, तरुण माणसं मोजली ती सोव्हिएत संशोधकांनी. झात्सिओर्स्की आणि सेलुयानोव्ह यांनी शंभर तरुणांवरून गॅमा किरण फिरवले. किरण जितका क्षीण होऊन बाहेर पडतो, तितकं वाटेत वस्तुमान जास्त. १९८३ मध्ये त्यांचे आकडे आले: मांडी १४ टक्क्यांहून थोडी जास्त! म्हाताऱ्यांची मांडी झिजलेली असते, हे एक कारण. पण मोठं कारण वेगळं. त्यांनी मांडीची हद्द कमरेच्या हाडाकडून तिरकी आखली होती, त्यामुळे नितंबाचा भागही मांडीत धरला गेला. आम्ही नकाशावर शिकलो तेच इथेही खरं: क्षेत्रफळ विचारण्याआधी सीमा कुठे आहे ते विचारा.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? सुरुंगावर पाय गेलेले जवान आपल्या देशात आहेत. अपघातात आणि मधुमेहात पाय गमावलेले नागरिक तर इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडे आहेत. पुण्यात १९४४ पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे आणि अशा प्रत्येक ठिकाणी गेलेल्या पायाचं वजन हा रोजचा प्रश्न असतो. ६८ किलोच्या माणसाचा गुडघ्याखालचा पाय साधारण चार किलोचा. कृत्रिम पाय त्याहून हलका करतात, तरी तो जड वाटतो, कारण तो स्वतःच्या स्नायूंनी चालत नाही, थोट्याला लटकतो. पाठीवरच्या किलोपेक्षा पायातला किलो कितीतरी जास्त दमवतो, हे बूट घालून मैलोन् मैल चाललेला कुठलाही जवान सांगेल.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. गुडघ्याखाली पाय नसलेला, १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस कृत्रिम पाय काढून काट्यावर ६४ किलो भरतो. उंचीच्या हिशेबाने त्याचा बॉडी मास इंडेक्स २२.१ येतो. भारतीयांसाठी २३ ही सावध होण्याची रेषा, म्हणजे सगळं ठीक दिसतं. पण आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात गुडघ्याखालचा पाय ५.९ टक्के आहे. ६४ला ०.९४१ने भागा: ६८ किलो. इंडेक्स २३.५. रेषा ओलांडली! साखर आणि रक्तदाब तपासायची वेळ झालेली असते आणि काटा मात्र गप्प बसतो.

हे तक्ते परक्या देहांवरून आले आहेत, तेव्हा शेवटच्या दशांशावर भांडू नका. पण हिशेबच न करणं त्याहून वाईट. तुमच्या घरात, सोसायटीत, गावात पाय किंवा हात गमावलेलं कुणी असेल, तर पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा. वजन कृत्रिम अवयव काढून घ्यायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारा: गेलेल्या भागाचं वजन धरलंत का?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.